नऊ दहाची पॅसेंजर

आमच्या हॉल्टचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आता ते कुठल्याच वेळापत्रकात नाही आणि रिक्षावाल्याला सांगितलं तर तो पेट्रोल पंपाची खूण विचारतो. हडपसर ओलांडून दौंडच्या दिशेने थोडं पुढे गेलं की रुळांच्या कडेला एक पत्र्याची शेड होती, एक खिडकी होती, एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली सिमेंटचं एक बाक. फलाट जमिनीच्या बरोबरीचा. तो कुठे सुरू होतो आणि ज्वारीचं शेत कुठे संपतं, हे फक्त माझ्या वडिलांना माहीत होतं.

हॉल्ट म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. स्टेशनला स्टेशनमास्तर असतो, सिग्नल असतो, निदान चहावाला तरी असतो. हॉल्टला यातलं काही नसतं. तिकीट विकायला रेल्वेचा नोकरसुद्धा नसतो. गावातलाच एखादा माणूस कमिशनवर तिकिटं विकतो. तो माणूस म्हणजे बाबा. मोठ्या स्टेशनावरून पुठ्ठ्याची तिकिटं घेऊन यायची, त्यांच्यावर तारखेचा ठसा मारायचा आणि खिडकीतून द्यायची, एवढंच काम. गणवेश नाही, पगार नाही, पेन्शनचं तर नावच काढू नका. पण बाबा रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे आणि अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. या बाबतीत त्यांनी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. बाकी जगाच्या चुका मात्र ते दिवसभर दुरुस्त करत असत.

बाबा मूळचे पुण्याच्या पेठेतले. लग्नानंतर जागा परवडेना म्हणून इकडे आले, पण पाट्या लिहायची खोड बरोबर घेऊन आले. तिकिटाच्या खिडकीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'गाडी आल्यावर दिसेल. विचारू नये.' त्याखाली : 'गाडी का आली नाही, हे आम्हालाही कळवण्यात आलेले नाही.' आणि बाकावर : 'हे बाक प्रवाशांसाठी आहे. गप्पांसाठी पार आहे.' लोक त्या बाकावर बसूनच गप्पा मारायचे, बाबा आतून खाकरायचे, आणि लोक आवाज थोडा खाली आणायचे.

आमची मुख्य गाडी म्हणजे सकाळची नऊ दहाची पॅसेंजर. दौंडकडून यायची, पुण्याला जायची. ती नऊ दहाची होती हे वेळापत्रकात छापलेलं होतं आणि बाबांनी शेडवर रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात ती पावणेदहाला यायची. कधी नऊ चाळीस, कधी नऊ पन्नास, पण नऊ दहाला येण्याचा आगाऊपणा तिने माझ्या आठवणीत कधी केला नव्हता. गावाचं मात्र काही अडत नव्हतं. पलीकडचं फाटक पडलं की बायका गॅस बंद करायच्या, पुरुष चपला घालायचे, आणि सगळे रमतगमत निघून गाडी पकडायचे. फाटक साडेनऊच्या आधी पडलं तर ती मालगाडी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हा उशीर एकाच माणसाला सहन होत नव्हता. बाबा दर महिन्याला रेल्वेला एक पत्र लिहीत. 'महोदय, आपल्याच वेळापत्रकाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो' अशी सुरुवात असायची. वर्षातून एखादं उत्तर यायचं, की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आई म्हणायची, "पालथ्या घड्यावर पाणी घालताय. त्यापेक्षा मला निवडलेली मेथी चिरून द्या." बाबा म्हणायचे, "आज ना उद्या येईल वेळेवर. वाट बघायला आपलं काय जातंय?" आणि पुढच्या महिन्याचं पत्र लिहायला घ्यायचे. असं त्यांनी वीस वर्षं केलं.

त्यातच देशाने दारं उघडली. आमच्याकडे ती उघडली म्हणजे नेमकं काय झालं, तर आधी ज्वारीचं शेत गेलं. तिथे काचेची इमारत आली, तिच्याशेजारी दुसरी, आणि मग राहायच्या सोसायट्या. ज्यांची शेतं गेली त्यांच्या दारात मोटारसायकली आल्या. ज्यांच्याकडे मोटारसायकली होत्या त्यांच्याकडे मोटारी आल्या. कारखान्यात जाणारे बसने जायला लागले, कॉलेजची पोरं दोन दोन जणांत एक स्कूटी करून जायला लागली. नागपूर-अकोल्याकडून आलेली नवी मुलं सोसायट्यांतून भाड्याने राहायला आली. त्यांना इथे रेल्वे थांबते हेच माहीत नव्हतं. एकाने बाबांच्या खिडकीशी येऊन मोबाइलचं रिचार्ज मागितलं. बाबांनी त्याच दिवशी नवी पाटी लावली : 'येथे फक्त रेल्वेची तिकिटे मिळतात. इतर भ्रम ठेवू नयेत.'

आणि मी. मी काय केलं ते आधीच सांगून टाकते. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. बाबांना फार आवडलं ते. "चुका काढायचा पगार देतात?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "आमच्या घराण्यात हे सगळ्यांनी फुकट केलं." कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिची बस पावणेदहाला आमच्या चौकात यायची, पडदे असलेली, गारेगार. मी हॉल्टवरून शेवटचं तिकीट कधी काढलं ते मला आठवत नव्हतं. बाबांना आठवत असणार. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

शेवटी पॅसेंजरला नियमाने चढणारं माणूस एकच राहिलं. गावातल्या एक आजी होत्या, रोज कोथिंबिरीची पाटी घेऊन मंडईत जायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, घड्याळही नव्हतं. उन्हं कडुलिंबाच्या बुंध्याशी आली की त्या येऊन बाकावर बसत आणि रोज बाबांना विचारत, "मास्तर, गाडी येनार हाय का न्हाई?" पाटीवर विचारू नये असं लिहिलेलं असूनही बाबा फक्त त्यांनाच उत्तर द्यायचे. "येणार तर. बसा निवांत."

एका पावसाळ्यानंतर रेल्वेचं पत्र आलं. बाबांच्या पत्राला उत्तर नव्हे, रेल्वेचं स्वतःचं पत्र. आपल्या हॉल्टवरील प्रवासीसंख्या समाधानकारक नसल्याने थांबा रद्द करण्याचा विचार आहे. तत्पूर्वी अमुक दिवशी आमचे निरीक्षक नऊ दहाच्या गाडीने येतील आणि चढणारे प्रवासी मोजतील. बाबांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जेवता जेवता उठून गेले. हॉल्ट गेला तर बाबांचं काय जाणार होतं? कमिशन चहापाण्यापुरतं उरलं होतं, ते गेलं असतं तर कळलंही नसतं. पण उद्यापासून पांढरा शर्ट घालून जायचं कुठे, हा प्रश्न होता. मास्तर कशाचे, हा प्रश्न होता. आई मला म्हणाली, "काहीतरी कर गं. हा माणूस घरात बसला तर आधी मला वेड लागेल, मग त्याला."

मग हॉल्ट बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून शेजारचे निवृत्त हेडमास्तर, कारण त्यांच्याकडे खुर्च्या होत्या. सभा शेडसमोर भरली. इतकी माणसं आली की मोटारसायकली आणि मोटारी लावायला जागा उरेना, शेवटी त्या फलाटावरच लावल्या. हेडमास्तर पाऊण तास बोलले. हा हॉल्ट आपली अस्मिता आहे, म्हणाले. आपलं बालपण आहे, म्हणाले. मोजणीच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस गाडीत चढेल, असं हात वर करून ठरलं. बाबा खिडकीत उभे राहून ऐकत होते. एवढे वर आलेले हात पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. सभा संपल्यावर हळूहळू बाहेर आलं, की हेडमास्तरांचा मुलगा पुढच्या स्टेशनवर मोटार घेऊन थांबणार आहे, म्हणजे वडिलांना तिथे उतरून परत घरी येता येईल. बऱ्याच जणांनी तशीच सोय केली होती. मी तरी कोणत्या तोंडाने हसणार? मीसुद्धा कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, की त्या दिवशी मला पुढच्या स्टेशनपासून घ्या.

पाट्या करायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसमध्ये प्रिंटर होता आणि साहेबाचं लक्ष नव्हतं. बाबांनी मजकूर कागदावर लिहून दिला : 'उद्या सर्वांनी सकाळी ठीक नऊ वाजता हॉल्टवर जमावे.' मी तो टाइप केला आणि थांबले. नऊ? नऊला कोण येणार? आणि आलेच तर पावणेदहापर्यंत उन्हात उभे राहून कंटाळून निम्मे परत जातील. लोकांच्या वेळेची काही किंमत असते, असं नुकतंच मला कंपनीने शिकवलं होतं. मी नऊ खोडून नऊ पंचवीस केलं. गाडीला वीस मिनिटं उरतील, भरपूर झाली. दहा प्रती काढल्या आणि संध्याकाळी गावभर चिकटवल्या. एक चौकात, एक पिठाच्या गिरणीवर, एक सोसायटीच्या लिफ्टमध्ये.

दुसऱ्या दिवशी बाबा आठलाच गेले. शर्ट नवा होता. मी घरी आरामात वेणी घालत होते. नऊ दहाला पाच-सात मिनिटं असताना फाटक पडल्याची घंटा ऐकू आली. 'मालगाडी,' मी मनात म्हटलं. त्या वेळी गावातल्या प्रत्येक घरात हेच म्हटलं गेलं असणार. मग भोंगा वाजला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे.

"अगं, ही मालगाडी नाही. ही आपली आहे."

"आई, काहीतरीच काय? नऊ दहा होतायत."

"तेच तर सांगतेय ना, मेले! आज साहेब बसलाय गाडीत. साहेब बसल्यावर गाडीला उशीर करायची कोणाची छाती आहे? पळ!"

कधी कधी वाटतं, कंपनीने माझ्याऐवजी आईला घ्यायला हवं होतं. मी पळाले. पायात एकच चप्पल नीट होती. शेडपाशी पोचले तेव्हा गाडी उभी होती. खरोखर उभी होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि फलाट मोकळा होता. कोथिंबिरीची पाटी दारात सरकवून आजी आत चढत होत्या. त्यांनी पाटी वाचलेली नव्हती, त्यामुळे त्या वेळेवर आल्या होत्या. पलीकडच्या दारात हातात कागद घेतलेले निरीक्षक उभे होते आणि इकडेतिकडे बघत होते. शेवटच्या डब्यातून गार्ड वाकला होता. तो बाबांना वर्षानुवर्षं ओळखत होता.

"मास्तर, लोक येतायत का? थांबवू का पाच मिनिटं?"

मी शंभरएक पावलांवर होते. जीव खाऊन ओरडले, "बाबा, थांबवा! मी आले! सगळे येतायत!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, यात शंका नाही. आमची नजरानजर झाली. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि गार्डला म्हणाले, "नको. वेळ झाली. सोडा."

हिरवा झेंडा हलला. गाडी माझ्या समोरून गेली, आणि आजी दारातून मला हात करत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांना निरोप द्यायलाच आले आहे. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. "का सोडलीत? मी येत होते ना! दिसत नव्हते मी?"

"दिसत होतीस," बाबा म्हणाले. "वीस वर्षं त्यांना लिहितोय, वेळेवर या. आज आले. आणि मीच म्हणू, थांबा, आमची माणसं घरी आहेत? कोणत्या तोंडाने म्हणू?"

मी बाकावर बसून चप्पल नीट केली.

नऊ पंचवीसला लोक आले. आमच्याकडे गाडीला उशीर होत असेल, माणसं वेळेची पक्की. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. पन्नासेक जण होते, निरीक्षकांसाठी हार होता, नारळ होता, 'आमचा हॉल्ट, आमची अस्मिता' असं लिहिलेलं कापड दोन पोरांनी ताणून धरलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"गाडी?" हेडमास्तरांनी विचारलं.

"गेली," बाबा म्हणाले.

"गेली? कुठे गेली?"

"पुण्याला."

"पण कधी?"

"वेळेवर."

हेडमास्तर लाल झाले. "हा सरळसरळ अन्याय आहे! गाडी वेळेवर येणार, हे आधी कळवायला नको? लोकांनी काय समजायचं?" सगळ्यांना ते पटलं. गाडी वेळेवर आल्याबद्दल रेल्वेकडे तक्रार करायची असा ठराव तिथल्या तिथे झाला, आणि तो लिहून काढायची विनंती अर्थातच बाबांना करण्यात आली. बाबांनी पेन खिशातून काढलं नाही. ते आत जाऊन बसले. नारळ कुणीतरी फोडून वाटला, वाया कशाला घालवायचा म्हणून. मग लोकांनी घड्याळं पाहिली, आपापल्या मोटारसायकली काढल्या आणि निघाले. गाडी चुकल्यामुळे त्या दिवशी एकालाही कामावर उशीर झाला नाही. मला चौकात नेहमीची बस नेहमीच्या वेळी मिळाली आणि मी खिडकीची जागा धरली.

त्या रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला." सगळं गाव रेल्वेला शिव्या देत होतं, पाटीवरची वेळ कोणी लिहिली हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याला आपली चूक लपवायलाही चांगलं जमतं. पण रोज बसमध्ये मी तोच हिशेब मांडायचे. बाबांनी नऊ लिहून दिलं होतं. माणसं नऊला आली असती, तर पन्नास जण चढले असते. पुढच्या स्टेशनवर उतरले असते, पण मोजले तर गेले असते!

दोन महिन्यांनी आदेश आला. मोजणीत आढळलेले प्रवासी : एक. त्या महिन्याअखेरपासून थांबा बंद. शिल्लक तिकिटं आणि तारखेचा ठसा मोठ्या स्टेशनावर जमा करावा.

शेवटच्या दिवशी समितीतलं कोणी आलं नाही. कामाचा दिवस होता. मी रजा काढली. बाबांनी दोन तिकिटं काढून ठसा मारला, एक मला दिलं, एक स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि खिडकी लावून घेतली. आजी बाकावर होत्या. "उद्यापासनं कशी जाऊ वो मास्तर?" त्यांनी विचारलं. सहा आसनी रिक्षाने हडपसर, तिथून बस, असं बाबांनी नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पाटी घेऊन दोनदा चढ-उतार त्यांना होणार नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. गाडी नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आली. गार्डने या वेळी काही विचारलं नाही.

बाबा आपल्या हॉल्टवरून गाडीत बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. ठशाचं यंत्र फडक्यात बांधून मांडीवर घेतलं होतं. काचेच्या इमारती मागे पडल्या. मला आता राहवेना.

"बाबा, एक सांगायचंय. पाटीवर तुम्ही नऊ लिहून दिलं होतं. मी नऊ पंचवीस केलं. माझ्यामुळे गेला हॉल्ट."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"माहीत आहे? कधीपासून?"

"चौकात लावलीस ना, त्याच संध्याकाळी वाचली. पाटी दिसली आणि मी वाचली नाही, असं कधी झालंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलला का नाहीत? अहो, वेळ होता! रात्रीत दहा पाट्या बदलता आल्या असत्या. निदान मला तरी ओरडायचं!"

बाबांनी मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाडायला हात नेला होता. मग म्हटलं, राहू दे. पोरीने बरोबर लिहिलंय. नऊ दहाला कुठे येते ती?"